शेवटची अकरा पानं

“बाई, थांबा. जरा बाहेर या.”

अधीक्षकांनी काचेवर किल्लीनं टकटक केलं तेव्हा बाईंचं वाक्य अर्ध्यावर होतं. ‘जेवण झाल्याबरोबर आडवे होऊ नये, कारण’ एवढंच मुद्रित झालं आणि पोटाच्या विकारांचं ते पुस्तक तिथंच थबकलं. खोलीबाहेर लाल दिवा लागलेला असला तर इमारतीला आग लागली तरी दार वाजवायचं नाही, हा नियम खुद्द अधीक्षकांनीच घालून दिलेला होता. तो त्यांनीच मोडला म्हणजे आगीपेक्षा मोठं काहीतरी असणार, असं मनाशी म्हणत बाईंनी माईक बंद केला.

अंध वाचकांच्या ग्रंथालयातली ध्वनिमुद्रणाची ती खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. खिडकी विटा लावून बुजवलेली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, आत टेबल, खुर्ची, माईक, कॉम्प्युटर आणि घामाघूम झालेल्या बाई. पंखा लावायची सोय नाही, कारण पंख्याची घरघर पुस्तकात जाते. या खोलीत बाईंनी बावीस वर्षांत हजारावर पुस्तकं मोठ्यानं वाचली होती. इतिहास, कायदा, शिवणकाम, कोंबडीपालन, खुनाच्या गोष्टी, काय वाट्टेल ते. एवढं वाचून तुम्ही किती शहाण्या झाल्या असाल, असं लोक म्हणायचे. बाई हसायच्या. मोठ्यानं वाचणारा माणूस वाचत नसतोच. जीभ या ओळीवर, डोळा पुढच्या ओळीवर आणि लक्ष सगळं श्वासावर. अर्थ आला काय नि गेला काय, पालथ्या घड्यावर पाणी.

“ती कादंबरी, मोजणीवाल्याची,” अधीक्षक म्हणाले, “कुठवर आली?”

“झाली की. गेल्याच आठवड्यात. सोमवारी मेमरी कार्डांवर चढवून द्यायची.”

“शेवटचं प्रकरण काढायचं.”

“काढायचं म्हणजे?”

“काढायचं म्हणजे ठेवायचं नाही. अकरा पानं आहेत, मी मोजली.” अधीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. भला माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. “वरून फोन होता.”

“मग पुस्तकच देऊ नका ना.”

“तसं करता आलं असतं तर काय हवं होतं! नव्या पुस्तकांची यादी घरोघर गेलीय. सतरा जणांनी नाव नोंदवलंय. आता नाही म्हटलं की का नाही म्हणून विचारणार. हात दाखवून अवलक्षण. ते म्हणाले, बाकीचं राहू द्या, दुःखाचंच आहे ना, दुःखानं कोणाचं काही बिघडत नाही. शेवट तेवढा नको.”

“आणि वाचणाऱ्यांना काय सांगायचं?”

“वाचणारे कुठले, ऐकणारे. त्यांना कसं कळणार?” अधीक्षक बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच ते लागलं. “म्हणजे तसं नव्हे,” असं काहीतरी पुटपुटत ते निघून गेले.

बाई खोलीत परत आल्या. आयुष्यात जेमतेम चार पुस्तकं त्यांच्या अंगाला चिकटली असतील, त्यातलं हे एक होतं.

गोष्ट अशी. एका शहरात दर महिन्याला घरोघरी एक मोजणीवाला येतो आणि दारात उभा राहून विचारतो, तुमच्याकडे माणसं किती? पाचातलं एक माणूस सरकारनं उचलून नेलेलं असेल तर घरच्यांनी सांगायचं, चार. एवढ्यावर भागत नाही. पहिल्यापासून चारच, असं म्हणायचं. म्हणता म्हणता लोकांना ते खरं वाटायला लागतं. ताटं कमी होतात, कपडे वाटून टाकले जातात. एका कारकुनाच्या बहिणीला नेतात आणि त्याच्यासमोर कागद ठेवतात, की मला बहीण नव्हती. शेवटून दुसरं प्रकरण संपतं ते या वाक्यावर: ‘त्याने लेखणी उचलली आणि कागद जवळ ओढला.’

पहिल्या वाचनात या वाक्याशी बाईंचा आवाज फुटला होता. चूक झाली की पेन्सिलीनं टेबलावर दोनदा टकटक करायची, म्हणजे नंतर कापायची जागा सापडते, अशी त्यांची रीत. त्या दिवशी त्यांनी सहा वेळा टकटक केली.

कारण असल्या गोष्टी काही फक्त पुस्तकातच होत नव्हत्या. गेल्याच महिन्यात ग्रंथालयाचे जुने वाचक टेलिफोनमास्तर, त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेला भरदुपारी घेऊन गेले होते. कोणी नेलं, कुठं नेलं, कागदावर काही नाही. शाळा म्हणाली, त्या रजेवर आहेत. आठवड्यानं म्हणाली, त्यांनी काम सोडलं. जिन्याखालच्या टपालपेटीवरची तिच्या नावाची चिठ्ठी कोणीतरी खरवडून काढली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला बाईंनी विचारलं, ती शिक्षिका तुमच्याकडे यायची ना? त्यानं सरळ कानावर हात ठेवले. कोण शिक्षिका?

घरी त्यांनी नवऱ्याला अधीक्षकांचं सांगितलं. नवरा पंपघरातून निवृत्त झालेला, सरळमार्गी. “तू काय लेखिका आहेस का?” तो म्हणाला. “ज्याचं पुस्तक त्याला नाही काही, तुला कशाला? सांगतील तेवढं वाचायचं नि घरी यायचं.”

“पण खोटं होतंय ते.”

“खोटं कुठं? तू एक शब्द तरी पदरचा घालतेयस का? कमीच करतेयस.”

बाईंना ते पटलं. खरं म्हणजे पटवून घ्यायलाच त्यांनी विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा पानं कापायला एक मिनिटही लागलं नाही. पण रीत अशी, की पुस्तक संपलं की वाचणाऱ्यानं शेवटी तसं सांगायचं, नाहीतर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. तेवढ्यासाठी बाईंना पुन्हा माईक लावावा लागला. लाल दिवा लावून, घोटभर पाणी पिऊन, नेहमीच्या शांत, कसलाही रंग नसलेल्या आवाजात त्यांनी म्हटलं, “पुस्तक समाप्त.” बावीस वर्षांत या दोन शब्दांना त्यांची जीभ कधी अडखळली नव्हती, त्या दिवशीही अडखळली नाही. हेच त्यांना पुढं फार लागलं.

टेलिफोनमास्तर दर गुरुवारी अकराच्या ठोक्याला यायचे. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायचे, आणि कोणाचं कोणाशी बिनसलंय तेही. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. सकाळी खालची शिक्षिका वर येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि बाकीचा दिवस बाईंचा आवाज घरात असायचा. “बाई, माझ्या घरात तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बोलता,” असं ते म्हणायचे. पुस्तक कुठलंही द्या, पण आवाज बाईंचा पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्या आवाजावर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता, कारण डोळस माणूस आपल्या डोळ्यांवर थोडाच संशय घेतो?

कादंबरी नेली त्याच्या पुढच्या गुरुवारी ते कार्ड परत करायला आले आणि बाकावर बसूनच राहिले.

“बाई, एवढंच आहे का हो पुस्तक?”

बाईंच्या पाठीमागे टेबलाशी अधीक्षक बसले होते. त्यांच्या हातातलं पेन थांबलेलं बाईंना न बघता कळलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “एवढंच.”

“म्हणजे तो सही करतो.”

बाईंनी त्यांच्या हातातलं कार्ड काढून घेतलं.

“मला वाटलं नव्हतं करेल,” मास्तर म्हणाले. “बहिणीवर एवढा जीव त्याचा. पण बरोबर आहे. एकटा माणूस काय करणार?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मला सोमवारी जबाब द्यायचाय. शिक्षिकेच्या आईनं कोर्टात अर्ज केलाय, त्यात साक्षीला माझं नाव घातलंय. दुसरं कोण आहे तिच्याकडे? त्या दिवशी सगळ्यांनी दारं लावून घेतली होती. मी आपला जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेला. तिघं होते. एकाचा आवाज ओळखीचा आहे माझ्या, सरकारी कचेरीतलाच. तिला खाली नेताना ती मला म्हणाली, मास्तर, ऐकून ठेवा. बस्, एवढंच म्हणाली.”

“मग काय सांगणार तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“आठ दिवसांपूर्वी विचारलं असतंत तर सांगितलं असतं छातीठोक. म्हातारीला शब्द देऊन बसलोय. आता...” त्यांनी काठीचं टोक फरशीवर फिरवलं. “घरी दोघं येऊन गेले. गोड बोलले. म्हणाले, मास्तर, या वयात एकटे राहता, जिना उतरता, चढता. सांभाळून राहा.”

अजून अकरा पानं आहेत, एवढं एक वाक्य. बाईंच्या घशापर्यंत आलं होतं. मागे अधीक्षकांनी खाकरून घसा साफ केला, आणि ज्या बाईंनी अवघड अवघड पुस्तकं एका दमात वाचली होती त्यांना ते चार शब्द जमले नाहीत. “काळजी घ्या,” असं काहीतरी म्हणून त्या खोलीत निघून गेल्या.

सोमवारी कचेरीचा माणूस जबाबाचा आधीच टाईप केलेला कागद घेऊन ग्रंथालयातच आला. अंध माणसाच्या जबाबाखाली, मजकूर मला वाचून दाखवला व तो मला समजला, असं लिहावं लागतं, आणि वाचून दाखवणाऱ्याचीही सही लागते. मास्तर म्हणाले होते, बाई वाचतील तर ऐकेन, दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाही. केवढा विश्वास! अधीक्षकांनी खुर्च्या मांडल्या आणि स्वतः कपाटात काहीतरी शोधत राहिले.

बाईंनी वाचलं. “सदर दिवशी मी घरी झोपलो होतो. जिन्यात कोणाचाही आवाज मी ऐकला नाही. सदर शिक्षिकेला कोणी नेल्याचे मला माहीत नाही.” शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला थांबून, कसलाही रंग न लावता. कचेरीचा माणूस खूश झाला. “काय स्वच्छ वाचता हो तुम्ही,” तो म्हणाला.

मास्तरांनी काठी बाजूला ठेवली. मग त्यांनी खिशातून सहीची पट्टी काढली. पत्र्याची, मधोमध खाच असलेली. ती कागदावर ठेवून खाचेत सही केली की ओळ सरकत नाही. “कुठं ठेवू?” त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांचा हात धरून जागेवर नेला.

“पुस्तकातल्यासारखंच झालं,” मास्तर म्हणाले आणि सही केली. त्याखाली बाईंनी केली.

शिक्षिकेच्या आईचा अर्ज आठवड्याभरात फेटाळला गेला. साक्षीदारच नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? त्यानंतर मास्तर दोन गुरुवार आले नाहीत. बाई पोटाचे विकार संपवून सांधेदुखीवर आल्या होत्या. ओळीओळीला चुका व्हायला लागल्या. टेबलावरची टकटक एवढी वाढली, की कापता कापता दिवस जाई. नवरा म्हणाला, घशाच्या डॉक्टरला दाखव. घशात काही झालं असतं तर बरं, असं बाईंना वाटलं. आपण काही केलं नाही, नुसतं वाचलं, असं त्या स्वतःला समजावत होत्या. आणि वाचण्याखेरीज आपण जन्मात दुसरं केलंय तरी काय, असं मन उलट विचारत होतं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी रजा टाकली. कादंबरीची छापील प्रत ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत रद्दीच्या गठ्ठ्यात पडली होती. ती त्यांनी पिशवीत घातली, वरून पालेभाजीची जुडी ठेवली आणि सकाळी दहाच्या सुमाराला मास्तरांचा जिना चढल्या.

“बाई?” दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला.

स्वयंपाकघरातल्या लहान टेबलाशी दोघं बसले. मास्तरांनी चहा टाकला, अंदाजानं नाही, बरोबर दोन कप. बाईंनी पुस्तक काढलं. “मास्तर, मला तुम्हाला काही वाचून दाखवायचंय. आधी ऐका, मग काय बोलायचं ते बोला.”

आणि त्यांनी शेवटचं प्रकरण वाचलं. कारकून कागद जवळ ओढतो आणि सहीच्या जागी लिहितो, ‘मला एक बहीण आहे.’ तिची उंची लिहितो, आवडतं गाणं लिहितो, पायाला झालेली जखम लिहितो, कागद भरतो तेव्हा उलटा करून मागच्या बाजूला लिहितो. त्याला नेतात. पण पुढच्या महिन्यात मोजणीवाला त्याच्या गल्लीत येतो, तेव्हा पहिल्या दारातली बाई म्हणते, ‘आमच्याकडे पाच. एक सध्या इथे नाही.’ दुसऱ्या दारात, ‘सात. दोन सध्या इथे नाहीत.’ गल्ली संपेपर्यंत मोजणीवाल्याचा हिशेब कुठल्याच कागदाशी जुळेनासा होतो.

बाईंचा आवाज दोनदा फुटला. टेबलावर टकटक करायला त्यांचा हात उचलला गेला नाही. पुस्तक मिटलं. चहावर साय धरली होती.

“हे होतं पुस्तकात?” मास्तरांनी विचारलं.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“हो. मी काढलं. काढायला लावलं, पण काढलं मीच.”

“आणि मी विचारलं तेव्हा...”

“खोटं बोलले मी, मास्तर. चुकलं माझं. फार चुकलं.”

मास्तर रागावतील, ओरडतील, पुस्तक भिरकावतील, अशी सगळी तयारी करून बाई आल्या होत्या. मास्तरांनी फक्त कप बाजूला सारला.

“पुस्तकामुळं सही केली असं मी म्हणणार नाही,” ते म्हणाले. “भ्यालो होतो मी. बुडत्याला काडीचा आधार, तसा त्या कारकुनाला धरून बसलो. म्हटलं, त्याच्यानं झालं नाही, मग मी कोण लागून गेलो? हे सगळं ऐकूनही मी तीच सही केली असती, कोण जाणे. पण मग ती माझी असती, बाई. आता ती कोणाची आहे तेच मला कळत नाही.”

बाई रडायला लागल्या. मास्तरांनी त्यांना रडू दिलं. मग उठले, चाचपडत नाही तर सरळ, आणि फळीवरून ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली. जाड कागद पाटीत अडकवून ते उजवीकडून डावीकडे टोचत लिहू लागले. टक् टक् टक्. मधेच थांबायचे, ओठ हलवायचे, पुन्हा लिहायचे.

“मला सांगा, मी लिहिते,” बाई म्हणाल्या. “सरळ अक्षरात. कचेरीत हे कोणाला वाचता येणार?”

“शोधतील कोणीतरी. गरज पडली की त्यांना सगळं सापडतं.”

“खाली वाचून दाखवणाऱ्याची सही लागेल. मी करते. या वेळी करते मी, मास्तर, खरंच. नाव, पत्ता सगळं घालते.”

“हे मी माझ्या हातानं लिहिलंय,” मास्तर म्हणाले. “वाचून दाखवायला कोणी लागत नाही.”

ते सौम्यपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं. कागद पूर्ण झाला. त्यांनी त्यावरून बोट फिरवून एकदा सगळा तपासला. बाई समोर बसून बघत होत्या. पांढऱ्यावर पांढरे फुगीर ठिपके, ओळींमागून ओळी. हजार पुस्तकं वाचलेल्या बाईंना त्यातलं अक्षरही लागत नव्हतं. काय लिहिलंत, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

मास्तरांनी जिन्यात जाऊन खालच्या मजल्यावर हाक मारली. शिक्षिकेची आई वर आली. बारीक चणीची, पाय घासत चालणारी. बाईंना तिनं ओळखलं नाही, आणि ओळख करून द्यायचं कोणाच्या मनात आलं नाही.

“आजी, कचेरीत यायचं का माझ्याबरोबर?” मास्तर म्हणाले. “मी त्या दिवशी खोटं सांगितलं. आता खरं लिहिलंय.”

 म्हातारीनं मास्तरांच्या दंडाला धरलं आणि जिना दाखवू लागली. तो जिना मास्तर पाठ असल्यासारखे उतरायचे, पण त्यांनी तिला धरू दिलं.

त्या कागदाचं पुढं काय झालं, याबद्दल ग्रंथालयात कुजबुज चाले. वाचणारा मिळत नाही म्हणून तो कचेरीत पडून आहे म्हणे. म्हातारी रोज जाऊन दारात बसते म्हणे. मास्तरांच्या घरी पुन्हा दोघं येऊन गेले म्हणे. शिक्षिका आली नव्हती, एवढं मात्र नक्की.

मग एका गुरुवारी अकरा वाजता व्हरांड्यात काठीचा आवाज आला. बाई पाणी प्यायला बाहेर आल्या होत्या, त्या माठाजवळच उभ्या राहिल्या. मास्तर दुरून थोडे वाळलेले दिसत होते. शर्टाचं एक बटण वरच्या काजात गेलं होतं. पूर्वी असं झालं तर बाई हटकायच्या.

“या, या मास्तर!” देवघेव करणारा कारकून म्हणाला. “किती दिवसांनी! बाईंचं नवीन आलंय, सांधेदुखीचं. आणि एक प्रवासाचं आहे. कुठलं देऊ?”

“दुसरं कोणाचं आहे?” मास्तरांनी विचारलं.

“दुसरं म्हणजे?”

“दुसऱ्या कोणाच्या आवाजातलं.”

कारकून हसला. “अहो, तुम्हाला तर बाईंच्या आवाजाशिवाय झोप येत नाही. काय झालं? भांडण?”

टेबलाशी अधीक्षकांनी मान वर केली. बाईंनी पेला घट्ट धरला. मास्तरांनी सांगितलं असतं तर त्यांचं काहीच चुकलं नसतं.

“छे, भांडण कसलं,” मास्तर म्हणाले. “कान म्हातारे झाले आता. जरा जाड आवाज लागतो. ते वकील वाचतात ना रविवारी, त्यांचं द्या काहीही.”

कारकून कार्ड शोधायला वळला. बाईंना खोलीत जायचं होतं आणि वाट मास्तरांच्या बाकावरूनच होती. त्यांच्या पावलांचा आवाज मास्तर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून ओळखायचे. बाईंनी पेला हलकेच माठावर ठेवला, चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, भिंतीच्या कडेकडेनं, श्वास रोखून त्या मास्तरांच्या समोरून निघून गेल्या.